कुणाचे मिंधे नाही

बेडोकमधल्या त्या फ्लॅटमध्ये मी खोली घेतली तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि सिंगापूरला येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. आंग मो किओला एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी टेस्टिंगचं काम करायची. ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्याने सांगितलं, की एक म्हातारे गृहस्थ आहेत, एकटे राहतात, एक खोली भाड्याने द्यायची म्हणतात, पण भाडेकरू मराठीच हवा असा त्यांचा हट्ट आहे.

मी बॅग घेऊन गेले तेव्हा त्यांनी दारातच नियम सांगितले. "खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करायचा. कपडे वाळत घालायचे बांबू जड आहेत, खिडकीतून बाहेर काढताना मला हाक मारायची. आणि मला अंकल म्हणायचं नाही. इथे रिक्षावाल्यापासून, म्हणजे टॅक्सीवाल्यापासून सगळेच अंकल. तू काका म्हण."

काका साठच्या दशकाच्या शेवटी जहाजबांधणीच्या गोदीत ड्राफ्ट्समन म्हणून आले आणि इथलेच झाले. नागरिकत्व घेतलं, लग्न करून काकींना आणलं, मुलगी इथेच जन्मली. त्यांची मराठी मात्र ते निघाले त्या दिवशीच थांबली होती. ते हॉस्पिटलला इस्पितळ म्हणत, सोय करण्याला तजवीज म्हणत. ऑफिसातून थकून आल्यावर ती भाषा ऐकली, की मला पुण्याला फोन केल्यासारखं वाटायचं.

काकी जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. हॉलमध्ये त्यांचा फोटो होता, पण काका त्यांच्याबद्दल बोलत नसत. मूत्रपिंडाचा विकार होता, चार वर्षं डायलिसिस चाललं, एवढंच मला ठाऊक होतं. त्या आजारपणात त्यांनी मोठा फ्लॅट विकून हा लहान घेतला होता. ते सांगताना काकांच्या आवाजात दुःख नसायचं, अभिमान असायचा. "एका माणसाकडे हात पसरला नाही," ते म्हणायचे. "मुलीकडेसुद्धा नाही. कुणाचं मिंधं व्हायचं नाही, हे आम्ही दोघांनी लग्नातच ठरवलं होतं."

दोन हजार चौदाच्या सुमारास सरकारने नवी आरोग्य विमा योजना जाहीर केली. प्रत्येक नागरिकाला ती सक्तीची होती. जन्मभर संरक्षण, आधीपासून आजारी असलेल्यांनाही. म्हाताऱ्यांच्या हप्त्याचा मोठा वाटा सरकार उचलणार होतं. मला ती बातमी चांगली वाटली. आमच्या घरी आजोबांच्या ऑपरेशनच्या वेळी बाबांना कुणाकुणाला फोन करावे लागले होते ते मी पाहिलेलं होतं. पण काकांनी पेपर टेबलावर आपटला.

"माझ्या आजाराचा खर्च शेजारच्याने का करायचा? आणि त्याचा मी का करायचा?"

"काका, पण ज्यांच्याकडे नाहीच ते काय करणार?"

"त्यांचं घर आहे ना? मुलं आहेत, भाऊ आहेत. एकदा सरकारने हात दिला की घरातले हात काढून घेतात. आम्ही हे शहर काटकसरीवर उभं केलंय. आता हे लोक वाटत सुटलेत."

ते एकटे नव्हते. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, दगडी टेबलाशी सकाळी चार-पाच म्हातारे जमायचे. त्यात एक निवृत्त चिनी टॅक्सीचालक होता आणि एक तमिळ शिक्षक. कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत, बुद्धिबळाचा पट मांडून, पण खेळ बाजूला ठेवून त्यांची चर्चा चालायची. सगळ्यांनी आयुष्यभर आपलं आपण निभावलं होतं आणि आता सरकार खर्चाच्या बाबतीत सैल झालंय असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, ती छापून आली नाहीत. मतदारसंघाच्या खासदाराला आठवड्याच्या भेटीच्या वेळी जाऊन भेटले. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हात जोडले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. तेव्हा शिक्षकांनी सुचवलं, आपण हाँग लिम पार्कात जाऊ. शहरात नागरिकांना उभं राहून आपलं म्हणणं मांडता येईल अशी ती एकच जागा होती.

काकांनी आयुष्यात निदर्शन केलेलं नव्हतं. पण त्यांनी फलक करायला घेतला आणि त्यांच्यातला ड्राफ्ट्समन जागा झाला. दोन संध्याकाळ ते पट्टी आणि पेन्सिल घेऊन कापडावर अक्षरं आखत बसले होते. इंग्रजीत एकच वाक्य होतं, आम्ही आमचं आम्ही बघतो, अशा अर्थाचं. जहाजाच्या नकाशावर असतात तशी सरळ, समान उंचीची अक्षरं.

"याचं एक टोक तू धर," ते मला म्हणाले.

"काका, मी नोकरीच्या पासवर आहे. परदेशी माणसाला तिथे भाग घेता येत नाही."

"हो. विसरलो." ते थोडे ओशाळले. "मग भाषण तरी टाइप करून दे."

ते मी दिलं. रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन मी बसले आणि ते येरझाऱ्या घालत सांगत होते. देश, काटकसर, पुढच्या पिढीवरचं ओझं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मग ते काकींवर आले. "माझी पत्नी चार वर्षं आजारी होती. आम्ही कुणालाही काही मागितलं नाही." एवढं सांगून ते थांबले. मी वाट पाहिली. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"काका, शेवटी त्यांना काय झालं?"

"ती पुरे म्हणाली."

"म्हणजे?"

"म्हणजे पुरे. पुढचा परिच्छेद घे."

थोड्याच वेळात त्यांची मुलगी आली. मी तिला ताई म्हणायची. चाळिशीच्या आसपासची, हसरी. दर रविवारी डब्यातून काहीतरी घेऊन यायची. तिची मराठी मोडकी होती, वाक्याची सुरुवात मराठीत व्हायची आणि शेवट इंग्रजीत. तिची नोकरी अशी होती, की काकांच्या मोहिमेबद्दल कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. ती समाजकेंद्रांतून फिरून म्हाताऱ्या माणसांना तीच नवी विमा योजना समजावून सांगायची.

टेबलावर पसरलेला फलक तिने पाहिला. काका दूध आणायला खाली गेले होते. तिने ते वाक्य वाचलं, मग लॅपटॉपचा पडदा आपल्याकडे वळवून भाषण वाचलं. मी तिला थांबवायला हवं होतं. काकींच्या परिच्छेदापाशी तिची नजर बराच वेळ खिळून राहिली.

"तुला माहितेय आई कशी गेली?" तिने विचारलं.

"डायलिसिस..."

"डायलिसिस थांबवलं म्हणून गेली. एक दिवस सकाळी ती म्हणाली, आज जायचं नाही. उद्या पण नाही." ताईने खुर्ची ओढली आणि बसली. "मदत मिळत होती. संस्था होत्या, एक फॉर्म भरायचा होता. घरात काय आहे, किती आहे ते लिहायचं, बस. मी फॉर्म आणला होता. बाबांनी भरला नाही. आपलं घर उघडं करून परक्याला दाखवायचं नाही म्हणाले. मोठा फ्लॅट विकला, तरी फॉर्म भरला नाही. मग आईलाच वाटायला लागलं, की आता हा फ्लॅट पण माझ्यामुळे जाणार."

"आणि काका काय म्हणाले? त्या थांबल्या तेव्हा?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. "ही सेड ओके. फक्त तेवढंच. तुझी इच्छा म्हणाले."

बाहेर लिफ्टचा दरवाजा वाजला तशी ती उठली आणि डबे फ्रिजमध्ये ठेवायला लागली. जाताना तिने हळूच विचारलं, "कधी आहे ते?" मी वार आणि वेळ सांगितली. ते सांगणं माझं काम नव्हतं. पण तिच्या आईबद्दलचं भाषण मी टाइप केलं होतं, आणि तिच्यापासून ते लपवणं मला जमलं नाही.

शनिवारी दुपारी आम्ही एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने गेलो. काकांनी पांढरा शर्ट घातला होता, इस्त्री स्वतः केली होती. गाडीत त्यांनी फलकाची गुंडाळी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली होती. ऊन कडक होतं. पार्कात त्यांची मंडळी धरून तीसेक माणसं असतील. काही कुतूहलाने थांबलेली, काही सावलीला बसलेली. मी आत गेले नाही. पार्काच्या कडेला पदपथावर झाडाखाली उभी राहिले. तिथून सगळं ऐकू येत होतं.

टॅक्सीचालक आधी बोलले, थोडं इंग्रजीत, थोडं चिनीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग काका उभे राहिले. घसा खाकरून त्यांनी कागद उलगडला. आवाज सुरुवातीला कापत होता, मग स्थिर झाला. मला त्यांचा अभिमान वाटला, हे मला लपवायचं नाही. त्यांचं म्हणणं मला पटत नव्हतं, पण पंचाहत्तरीला आलेला एक माणूस कुणी न बोलावता उन्हात उभा राहून आपलं मत सांगत होता.

ताई मला दिसली तेव्हा ती अगदी पुढे पोचली होती. कामावरून थेट आली असावी. गळ्यातलं ओळखपत्र काढून तिने मुठीत धरलं होतं. काकांनी तिला पाहिलं, पण वाचत राहिले. काकींचा परिच्छेद आला. "आम्ही कुणालाही काही मागितलं नाही," ते इंग्रजीत म्हणाले.

"बाबा," ती मराठीत म्हणाली. ती ओरडली नाही. माइक जवळ होता म्हणून तिचा आवाज सगळीकडे गेला. "आईला मागायचं होतं. तुम्ही तिला मागू दिलं नाही."

काका थांबले. "घरी बोलू."

"घरी आपण कधीच बोललो नाही. सहा वर्षं."

"इथे लोक आहेत."

"यांना काय कळतंय? सांगा ना त्यांना. ती कशी गेली ते पण वाचा ना."

तिथल्या कुणालाही ते कळत नव्हतं. तीस माणसं त्या दोघांकडे पाहत होती. एक म्हातारी बाई शेजारणीला काहीतरी विचारत होती. मराठी समजणारी तिथे मी एकटी होते आणि मी पार्काबाहेर उभी होते. काकांनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली, खिशात ठेवली आणि ते माइकपासून बाजूला झाले. शिक्षकांनी घाईने पुढे येऊन बोलायला सुरुवात केली. ताई वळून निघून गेली. माझ्या बाजूने जाताना तिचा चेहरा ओला होता, पण तिने मला पाहिलं नाही.

त्यानंतर रविवार आले आणि गेले, ताई आली नाही. काकांनी मला एकदाही विचारलं नाही, की तिला कुणी सांगितलं. त्यांना ते समजलं असणार. फ्रिजमधले तिचे डबे रिकामे झाल्यावर त्यांनी घासून पुसून ओट्याच्या कडेला ओळीने ठेवले होते.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी पार्कातले फोटो इंटरनेटवर टाकले. एका फोटोत कडेला, झाडाखाली, मी होते. ऑफिसात एचआरच्या बाईंनी मला बोलावलं आणि हसत हसतच म्हणाल्या, "तू काही चूक केलेली नाहीस, पण जरा जपून राहा हं. पासचं नूतनीकरण जवळ आलंय." त्या चांगल्या मनाने म्हणाल्या असतील. मी मात्र घाबरले. पुण्यात बाबा निवृत्त झाले होते, धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू होतं. महिन्याभरात मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बुकित बातोकला ऑफिसातल्या दोन मुलींबरोबर राहायला गेले.

काकांना मी कारण सांगितलं की तिथे मैत्रिणींची सोबत मिळते. त्यांनी मान हलवली. माझा राइस कुकर त्यांनी स्वतः उचलून टॅक्सीपर्यंत आणला. मी नको नको म्हणत होते.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "पासवरच्या माणसाने अशा भानगडीत राहू नये. मीही राहिलो नसतो."

टॅक्सी निघाली तेव्हा ते तिथेच उभे होते. आपल्यासाठी एवढं सगळं समजून घेणाऱ्या माणसाला आपण सोडून चाललो आहोत हे मला कळत होतं, आणि तरीही वळणावरून इमारत दिसेनाशी झाल्यावर मला मोकळं वाटलं.

योजना ठरल्याप्रमाणे लागू झाली. पार्कातली मंडळी आणखी दोनदा जमली आणि मग पांगली. शिक्षक मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेले. काकांनी सरकारला पत्र लिहिलं, की मला सवलत नको, मी पूर्ण हप्ता भरीन. नम्र उत्तर आलं की सवलत सगळ्यांना आपोआप लागू आहे, नाकारायची सोय नाही. दिवाळीला मी फोन केला तेव्हा त्यांनी मला ते उत्तर वाचून दाखवलं. "बघ," ते म्हणाले, "नाही म्हणायचीसुद्धा तजवीज ठेवलेली नाही." मी हसले. ते हसले नाहीत.

साधारण दीड वर्षाने ताईचा फोन आला. काकांना पक्षाघाताचा झटका आला होता. शेजाऱ्यांना ते लिफ्टपाशी पडलेले सापडले. "ये ना," ती म्हणाली. "त्यांची इंग्लिश गेली. पूर्ण गेली. फक्त मराठी बोलतात, ती पण जुनी जुनी. मला अर्धी कळत नाही."

मी गेले. मग रोज ऑफिस सुटल्यावर जायला लागले. वॉर्डात सहा खाटा होत्या, काकांची खिडकीकडची. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, पण डोळे तेच होते. नर्स विचारायच्या, मी मराठीत सांगायची, ते उत्तर द्यायचे, मी इंग्रजीत सांगायची. उशी, पाणी, दुखतंय, दुखत नाही. ताई दुसऱ्या बाजूला बसून त्यांचा हात चोळत राहायची. कागदपत्रं तिने केली होती. ज्या योजनेविरुद्ध ते उन्हात उभे राहिले होते तिच्यातूनच इस्पितळाचा बराचसा खर्च भागत होता. ताईने त्यांना ते सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ते जरा हुशारीत होते. ताईने त्यांना खिमटासारखी मऊ पेज भरवली होती. एकाएकी ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "तिला सांग. खाली टॅक्सी उभी होती."

"कुठली टॅक्सी, काका?"

"डायलिसिसला जायची. नेहमीची. ती म्हणाली, आज नाही जायचं, पुरे. मी तिला एकदाही चल म्हटलं नाही. खाली गेलो. टॅक्सी परत पाठवली." शब्द अडखळत, एकेक करून येत होते. "आणि लिफ्टमधून वर येताना मला हायसं वाटलं. सांग तिला."

ताई माझ्याकडे बघत होती. "टॅक्सी मला कळली," ती म्हणाली. "परत पाठवली, ते पण कळलं. मग काय म्हणाले? हायसं? व्हॉट इज हायसं?"

काकांचे डोळे माझ्यावर होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हती. मी काय सांगते आहे ते त्यांना कळणार नव्हतं.

"लोनली," मी इंग्रजीत म्हणाले. एकटं. "ही फेल्ट व्हेरी लोनली."

ताईचा चेहरा विरघळला. तिने वाकून कपाळ त्यांच्या हातावर टेकवलं. "बाबा, मला सांगायचं ना. मला सांगायचं," ती म्हणत राहिली. काकांनी चांगला हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. मुलीने सगळं ऐकलं आणि तरीही ती अशी जवळ आली, असं त्यांना वाटलं असणार. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची शुद्ध दोघांनाही नव्हती. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

नऊ दिवसांनी काका गेले. अंत्यसंस्काराला मोजकीच माणसं होती. टॅक्सीचालक काठी टेकत आले होते. ते ताईला म्हणाले, "तुझे बाबा फार स्वाभिमानी होते." ताईने मान डोलावली. मग मला म्हणाली, "निदान शेवटी बोलले. एकटं वाटलं म्हणाले. नाहीतर मी आयुष्यभर रागावून राहिले असते." मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. मी फक्त तिचा हात धरला.

एकदा काकांचं मन हलकं झालं म्हणून मी स्वतःला माफ करायची, एकदा त्यांचा कबुलीजबाब मी चोरला म्हणून नाही करायची. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं होतं. क्षमा मागितली होती. आणि ती त्यांना मिळाली ती त्यांनी न सांगितलेल्या गोष्टीसाठी.

तीन वर्षांनी मी सिंगापूर सोडायचं ठरवलं. निघण्याआधी ताईला भेटायला बेडोकला गेले. खाण्याच्या ठेल्यांच्या हॉकर सेंटरमध्ये ती समोर बसली होती, केस पिकायला लागले होते. पुढचं सत्र तासाभराने होतं, पत्रकांची पिशवी शेजारच्या स्टुलावर होती. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलून झालं.

"तुला एक विचारू?" ती म्हणाली. "माझ्या एका सेशनला मराठी आंटी आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, हायसं म्हणजे काय."

माझा चमचा हातातच राहिला. "ताई, मी..."

"थांब. मला राग आला होता. दोन महिने मी तुझे फोन घेतले नाहीत, आठवतं? मला वाटलं तू समजशील."

मला आठवत होतं. मला वाटलं होतं ती कामात असेल.

"मग?"

तिने कपातली कोपी ढवळली. आजूबाजूला दुपारच्या जेवणाची गर्दी होती, ट्रे वाजत होते.

"त्या दिवशी मी ऑफिसात होते," ती म्हणाली. "बाबांचा फोन आला, की आई आज गेली नाही, यापुढे जाणार नाही. मी फोन ठेवला. आणि मला पण तेच वाटलं. तेच, जे त्यांना वाटलं. चार वर्षं झाली होती ना. मी पार्कात त्यांना एवढं बोलले, पण हे नाही बोलले. त्यांना कळलं असतं तर बरं झालं असतं, नाही? दोघांना कळलं असतं."

तिने माझ्या ताटातला गार झालेला भात पाहिला आणि इथल्या लकबीत म्हणाली, "खा ना. ईट लाह." मग घड्याळ पाहून पत्रकांची पिशवी खांद्याला लावली. तिला उशीर होत होता. केंद्रात म्हातारी माणसं वेळेच्या आधीच येऊन बसतात, असं ती म्हणाली, आणि समजावून सांगणारं कुणी आलं नाही, की कधी येणार असं आत जाऊन पुन्हा पुन्हा विचारत राहतात.